शंख सोडून उरते ते

तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यातल्या माळेत जी कवडी असते, तिला कुणी घासूनपुसून चकाकी आणलेली नसते. ती समुद्रातूनच तशी येते, आणि ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. इतर शंखांना वाळू खरवडते, त्यांच्यावर शेवाळ चढते, बारीकसारीक जीव त्यांच्या पाठीवर बिऱ्हाड करतात. म्हातारा शंख हातात घेतला तर तो बहुधा पडक्या भिंतीसारखा लागतो. कवडी मात्र जिवंत असेपर्यंत काचेसारखी राहते. तिच्या खालच्या दातेरी फटीतून मांसाचे दोन पातळ पडदे बाहेर येतात, दोन्ही बाजूंनी वर चढतात आणि पाठीवर एकमेकांना भिडतात. अनेक जातींच्या कवड्यांवर पाठीवरून जाणारी एक फिकट रेघ दिसते, ती या भेटीची जागा. म्हणजे आपण जिला कवडीची बाहेरची बाजू समजतो, ती तिच्या आयुष्यातला बराच काळ आतलीच बाजू असते. या पडद्याला मराठी प्राणिशास्त्राने प्रावार हे नाव दिले आहे. प्रावार म्हणजे अंगावर घ्यायचे वस्त्र. गोगलगाय, तिसऱ्या, कालवे, माकूल, ऑक्टोपस हे सगळे ज्या मृदुकाय संघात मोडतात, त्याचे वैविध्य समजून घ्यायचे तर या वस्त्रापासून आणि त्याच्याखाली राहिलेल्या पोकळीपासून सुरुवात करावी, असे माझे म्हणणे आहे. आपण सुरुवात करतो ती शंख-शिंपल्यांपासून, आणि त्यामुळे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी शास्त्राने केलेली चूक आजही थोड्या वेगळ्या रूपात करत राहतो.

ती चूक जुनी आहे आणि तिच्या धन्यांची नावे मोठी आहेत. ॲरिस्टॉटलने माकूल आणि ऑक्टोपस एका गटात ठेवले, शंख-शिंपले दुसऱ्या गटात. लिनियसने १७५८ साली तोच धागा पुढे नेला. त्याच्या ‘कृमी’ या अवाढव्य अडगळीच्या खोलीत ‘मोलस्का’ हे नाव मिळाले ते मऊ अंगाच्या प्राण्यांना, आणि त्यांत बिनशंखाची गोगलगाय व माकूल यांच्याबरोबर तारामासे, जेलीफिश आणि समुद्रातले अळीसारखे जीवही कोंबलेले होते. शंखाची गोगलगाय मात्र ‘टेस्टेशिया’ म्हणजे कवचधारी या वेगळ्या कप्प्यात गेली. दोन सख्ख्या बहिणी, एकीच्या पाठीवर घर होते म्हणून त्यांच्यात ही ताटातूट. कवचधाऱ्यांच्या कप्प्यात मग बार्नॅकलही येऊन बसले, कारण त्यांनाही चुन्याचे कवच होते. १७९५ साली झॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने चाकू हाती घेतला, प्राणी उघडून पाहिले आणि मऊ व कवचधारी अशी ही फाळणी मोडून काढली. बार्नॅकलला बाहेर पडायला आणखी काही वर्षे लागली. १८३० साली जॉन व्हॉन थॉम्पसन यांनी त्यांचे पिल्लू कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखे पोहते हे दाखवले तेव्हा कुठे ते आपल्या घरी गेले. उलट बाजूची चूकही झाली होती. १७३०च्या सुमारास हॉलंडच्या समुद्रबांधांचे लाकूड पोखरणारा ‘किडा’ अळी नसून शिंपल्याच्याच जातीचा आहे, हे गॉटफ्रीड सेलियस यांनी १७३३ साली मांडले. त्याचे दोन इवलेसे शिंपले लाकूड किसण्याच्या कामी लागलेले असतात आणि बाकीचे अंग दोरीसारखे लांबलेले असते. या सगळ्या उदाहरणांत कवच पाहणारा फसला आणि आतला प्राणी पाहणाऱ्याला नाते सापडले.

आज जिवंत असलेल्या आणि शास्त्राने नावे दिलेल्या मृदुकाय जाती ८० हजारांच्या वर आहेत. कीटकादी संधिपाद सोडले तर एवढा मोठा संघ दुसरा नाही. भारतातूनच पाच हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. संघाचे आठ वर्ग मानले जातात, पण त्यांत समतोल अजिबात नाही. उदरपाद म्हणजे गोगलगायींच्या वर्गातच एकूण जातींचा मोठा वाटा जातो. शिंपाधारींच्या आठ-दहा हजार जाती. माकूल-ऑक्टोपसांच्या सुमारे आठशे. खडकाला चिकटून राहणाऱ्या, पाठीवर आठ तुकड्यांची ढाल असलेल्या कायटनांच्या हजारभर. उरलेले चार वर्ग सामान्य वाचकाच्या नजरेस कधी पडत नाहीत. त्यांतले दोन तर अळीसारखे आहेत, त्यांना कवचच नाही. प्रावार सगळ्या अंगाला वेढून बसलेला आणि त्याच्यातून चुन्याचे सूक्ष्म काटे निघालेले. एक वर्ग असा, की तो कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असे जीवाश्मांवरून ठरले होते आणि १९५२ साली गॅलथिया या डॅनिश जहाजाने कोस्टारिकाजवळच्या खोल समुद्रातून त्याचे जिवंत नमुने वर काढले.

प्रावार कवच घडवतो कसे, ते थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. प्रावाराची कड आधी प्रथिनांचे एक पातळ आवरण पसरते. त्याच्या आडोशाला, समुद्राच्या पाण्यापासून तोडलेल्या एका चिंचोळ्या जागेत, कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बसू लागतात. कड पुढे सरकली की कवच लांबते, उरलेला पृष्ठभाग आतून जाडी भरत राहतो. शिंपल्याच्या आतली चकाकी म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या स्फटिक-चकत्यांची रास, चकत्यांमध्ये प्रथिनांचा लेप. वजनाने जवळजवळ सगळा चुनाच, तरी नुसत्या चुन्याच्या खड्यापेक्षा कैक पटींनी चिवट, कारण तडा गेला तर त्याला प्रत्येक चकतीला वळसा घालून जावे लागते. शंखावरचे पट्टे, ठिपके, काटे, कंगोरे हे सगळे त्या कडेने वेळोवेळी काय केले याची नोंद असते. आइसलँडजवळ २००६ साली काढलेल्या एका शिंपल्याच्या वाढीच्या रेघा मोजल्या तेव्हा त्याचे वय ५०७ वर्षे भरले. ही रोजनिशी वाचण्यासारखी खरीच, पण रोजनिशी म्हणजे ती लिहिणारा नव्हे.

मोत्याची गोष्ट हेच अधिक ठासून सांगते. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो ही आपली जुनी समजूत. वाळूचा कण टोचला की मोती होतो ही शाळेतली नवी समजूत. दुसरी पहिलीपेक्षा फारशी बरी नाही. वाळूत राहणाऱ्या प्राण्याला वाळूचा कण ही काय नवलाई? मोती घडायला लागतात त्या प्रावाराच्या पेशी. काही इजेमुळे किंवा परजीवीमुळे त्या पेशी आतल्या मांसात जाऊन पडल्या की त्यांची एक पिशवी तयार होते आणि ती आपले नेहमीचे काम, म्हणजे चकाकीचे थर देणे, आतल्या आत सुरू ठेवते. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली जपानात अर्धगोल मोती पिकवले; पुढे पूर्ण गोल मोत्याची युक्ती सापडली ती मण्याबरोबर दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा छोटासा तुकडा रोवण्यात. तुतिकोरिनच्या मत्स्य संशोधन केंद्रात के. अलगरस्वामी यांनी १९७३ साली भारतात गोल मोती पिकवून दाखवले, तेही याच मार्गाने. आणि चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत तर बहुधा मणीही घालत नाहीत. नुसता प्रावाराचा तुकडा पुरतो. कण वगळला तरी मोती होतो आणि प्रावार वगळला तर होत नाही, याहून सरळ पुरावा कोणता हवा?

सगळ्याच गोष्टींचे श्रेय प्रावाराच्या पदरात टाकता येणार नाही, हे मात्र इथेच सांगितले पाहिजे. शंख उजवा की डावा हे तो ठरवत नाही. तळ्यातल्या गोगलगायीच्या एका जातीत ही दिशा पिल्लाच्या नव्हे तर आईच्या जनुकावर ठरते हे १९२३ साली कळले होते, आणि त्यामागचे एकच जनुक मोडल्यावर उजव्या वळणाच्या जातीची पिल्ले डावी निपजतात हे २०१९ साली प्रयोगाने दाखवले गेले. अंडे पहिल्यांदा विभागते तेव्हाच वळण ठरून जाते, प्रावार नंतर त्यामागे चालतो. आपल्या पूजेतल्या दक्षिणावर्ती शंखाचा घोळही याच वळणाचा. मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या किनाऱ्यावर मिळणारा आपला पवित्र शंख जीवशास्त्राच्या भाषेत उजवा असतो. क्वचित एखादा डावा सापडतो, आणि नेमक्या त्या डाव्यालाच आपण दक्षिणावर्ती म्हणतो. शास्त्रज्ञ शंखाचे शिखर वर धरून त्याचे तोंड उजवीकडे उघडते की डावीकडे ते पाहतात. आपण शिखर खाली धरतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून विकले जाणारे पुष्कळ शंख मात्र अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच जातीचे असतात. ती जात स्वभावतःच डावी आहे, त्यामुळे तिच्यात डावेपणाचे काही दुर्मीळपण नाही.

प्रावार आणि शरीर यांच्यामध्ये जी खोबण राहते, ती माझ्या मते कवचाहूनही महत्त्वाची आहे. कल्ले तिथेच असतात, विष्ठा व मूत्र तिथेच बाहेर पडते, अनेकदा अंडी व शुक्राणूही तिथूनच जातात. घराचे देवघर, न्हाणीघर आणि मोरी एकाच खोलीत असावी अशी ही रचना, आणि ती खोली शरीरात कुठे आहे यावर प्राण्याचे सगळे गणित ठरते. गोगलगायींच्या वर्गात डिंभ म्हणजे पिल्लाच्या अवस्थेत शरीराला १८० अंशांचा पीळ पडतो आणि मागे असलेली ही पोकळी पुढे, थेट डोक्यावर येते. गुदद्वार तोंडाच्या वर यावे असा हा उद्योग निसर्गाने का केला असेल, यावर शंभर वर्षे डोकेफोड चालली आहे. वॉल्टर गार्स्टँग या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात सुचवले, की यामुळे डिंभाला संकटात डोके आधी आत घेता येते. कल्पना सुबक होती. पण पुढे पीळ पडलेले आणि न पडलेले डिंभ भक्षकांपुढे ठेवून पाहिले, तेव्हा पीळ पडलेल्यांचा बचाव जास्त झाला असे दिसले नाही. कारण काहीही असो, परिणाम स्पष्ट आहेत. घाण पाणी डोक्यावरून दूर लावण्यासाठी कुणी शंखात भोकांची रांग ठेवली, कुणी चीर ठेवली, कुणी एका बाजूचा कल्लाच टाकून दिला, आणि समुद्रातल्या बिनशंखाच्या गोगलगायींनी पीळच बराचसा उलगडून घेतला. जमिनीवर आलेल्यांनी याहून मोठी गोष्ट केली. त्यांनी कल्ले सोडले, पोकळीच्या छताला रक्तवाहिन्यांचे जाळे दिले आणि तिचे फुप्फुस केले. आपल्या अंगणातली पावसाळी गोगलगाय डोक्याजवळचे जे छिद्र उघडझाप करते, ते या जुन्या समुद्री खोलीचे दार आहे.

शिंपाधारींनी याच खोलीचा गिरणीसारखा उपयोग केला. कल्ले वाढवून त्यांची चाळणी केली, प्रावाराच्या कडा जोडून त्यांच्या नळ्या केल्या, आणि वाळूत गाडून घेऊन वरून पाणी ओढायचे व सोडायचे तंत्र साधले. तिसऱ्या विकत घेताना ज्या दोन बारीक नळ्या बाहेर डोकावताना दिसतात त्या प्रावाराच्याच. उत्तर अमेरिकेतल्या नद्यांमधल्या काही शिंपल्यांत प्रावाराची कड चक्क छोट्या माशाच्या आकाराची झाली आहे, डोळ्यासारख्या ठिपक्यासह. ती हलते, मोठा मासा तिला गिळायला येतो आणि शिंपला आपली पिल्ले त्याच्या तोंडात उडवतो. ही पिल्ले माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. प्रवाळ बेटांवरच्या महाकाय शिंपल्यांनी प्रावार उन्हात पसरून त्यात शैवाल पाळले आहे आणि त्याने बनवलेल्या साखरेवर ते जगतात. एकाच कातडीची एवढी कामे दुसऱ्या कुठल्या संघात सापडणे कठीण.

माकलांकडे आलो की हे चित्र पूर्ण होते. त्यांनी कवच आत घेतले. औषधी दुकानात समुद्रफेन म्हणून मिळणारा, पाळीव पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवला जाणारा तो पांढरा हलका फळा हे माकलाचे आतले कवच; त्यातल्या सूक्ष्म कप्प्यांत वायू आणि पाणी यांचे प्रमाण बदलून तो प्राणी पाण्यात तरंगतो. ऑक्टोपसांनी बहुतेक तेही टाकले. ओझे गेल्यावर प्रावार जाड स्नायूंचा पिंप झाला, आणि त्याच्या आकुंचनाने नळीतून पाणी जोरात फेकून उलट्या दिशेने सुसाट जाण्याची सोय झाली. संपूर्ण पिंप एकाच क्षणी आकुंचन पावला पाहिजे. त्यासाठी दूरच्या भागाला जाणारे मज्जातंतू अधिक जाड असतात, कारण जाड तंतूतून संदेश वेगाने जातो. त्यांतल्या काहींची जाडी मिलिमीटरभर भरते. जे. झेड. यंग यांनी १९३६ साली या महातंतूंचे महत्त्व दाखवले, हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यांच्यात तारा घालून मज्जासंदेशाचे गणित मांडले आणि १९६३चे नोबेल मिळवले. एरिक कँडेल यांना २००० साली जे नोबेल मिळाले त्यामागचे प्रयोग समुद्री गोगलगायीवरचे: प्रावाराच्या नळीला स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते, आणि हा प्रतिसाद सवयीने कसा बदलतो यातून स्मृतीची रासायनिक मुळे सापडली. आपला मेंदू कसा चालतो याचे दोन मोठे धडे आपण प्रावाराच्या हालचालीकडे पाहून शिकलो, ही गोष्ट वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत अर्ध्या ओळीत उरकली जाते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की मृदुकायांची खरी खूण प्रावार नसून जीभ आहे. रेत्रिका, म्हणजे दातांच्या रांगा बसवलेली कानशीसारखी पट्टी, ही खरोखरच दुसऱ्या कुणाकडे नाही. खडकावरच्या लिंपेटच्या दातांत लोहाच्या एका खनिजाचे तंतू असतात आणि २०१५ सालच्या मोजणीत ते कोळ्याच्या धाग्याहून अधिक ताण सोसणारे निघाले. कोन शंखाने हाच दात विषारी भाला केला. त्या विषातल्या एका रेणूवरून घडवलेले वेदनाशामक २००४ साली अमेरिकेत मंजूर झाले. गोगलगायींच्या जाती एवढ्या कशा झाल्या, या प्रश्नाच्या उत्तरात रेत्रिकेचा वाटा मोठा आहे: शैवाल, पाने, स्पंज, मासे, दुसऱ्या गोगलगायी, प्रत्येक अन्नासाठी वेगळी कानस. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. पण शिंपाधारींच्या संपूर्ण वर्गाने रेत्रिका टाकून दिली आणि तरीही तो दुसऱ्या क्रमांकाचा वर्ग झाला. पायाबद्दलही असेच बोलता येईल. ऑक्टोपसाच्या पन्नास कोटींच्या आसपास चेतापेशींपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या बाहूंत असतात आणि ते बाहू पायापासून घडले आहेत. तिथे बुद्धीचे श्रेय प्रावाराने मागू नये. शिंपल्याला खडकाशी बांधणारे धागेही पायातल्या ग्रंथीचे.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. प्रावार आणि त्याने घडवलेले दोन शिंपले ब्रॅकिओपॉड नावाच्या वेगळ्याच प्राण्यांकडेही आहेत, इतके की त्यांनाही एके काळी मृदुकाय मानले जात असे. जीवाश्मांत त्यांच्या बारा हजारांहून अधिक जाती. आज जिवंत उरल्या आहेत चारशेच्या आसपास. प्रावार हीच किल्ली असेल, तर या प्राण्यांचे कुलूप का उघडले नाही? या प्रश्नाने माझा दावा मोडत नाही, पण तो नेमका करावा लागतो. ब्रॅकिओपॉडाचा प्रावार पातळ अस्तर आहे. खालची जागा अन्न गोळा करणाऱ्या झुपक्याने व्यापलेली, आणि सरपटायला किंवा खणायला स्नायूंचा पाय नाही. त्यामुळे त्याचे कवच म्हणजे बंद डबीच राहिली. मृदुकायांत मात्र चालण्याचे काम पायाने घेतले, खाण्याचे रेत्रिकेने, आणि प्रावार मोकळा राहिला. संरक्षण, श्वास, गाळणी, वेग, आमिष, शेती, जे गरजेचे होते ते तो होऊ शकला. वैविध्याचे कारण नुसता प्रावार नव्हे, तर कामांची ही वाटणी. दावा थोडा लहान झाला, पण अधिक खरा झाला.

तिसरे म्हणणे जीवाश्मांच्या अभ्यासकांचे. कवच नसते तर तुम्हाला या संघाचा इतिहास कळलाच नसता, असे ते म्हणतील, आणि ते बरोबर आहे. नेपाळातल्या गंडकीच्या पात्रातून देव्हाऱ्यात येणारा शाळिग्राम हा बहुधा अमोनाइटाचा जीवाश्म असतो, माकलांच्या त्या कुळाचा, जे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर संपले. नागपूरजवळच्या टाकळीला एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या तळ्यांतले शंख गोळा केले. त्यांतल्या फायसा प्रिन्सेपी या नावाने ओळखल्या गेलेल्या डाव्या वळणाच्या शंखावरून ते गाळ गोड्या पाण्याचे आहेत हे कळले. हे ऋण मान्य. पण याच पुराव्याची मर्यादाही तिथेच दिसते. आजच्या जिवंत फायसांपैकी अनेकांच्या प्रावाराला बोटांसारखी टोके असतात आणि ती शंखावर पसरतात. दगडात त्यांचा मागमूस उरत नाही. अमोनाइटांच्या हजारो जातींना नावे आहेत, आणि त्यांच्या मऊ अंगाचे पुरावे बोटांवर मोजण्याइतके. जिथे कवच नाही तिथे तर अंदाज किती निसरडा होतो, हे नुकतेच दिसले. चीनच्या युनानमधून सापडलेला, सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचा शिशानिया हा काटेरी प्राणी बिनकवचाचा आद्य मृदुकाय म्हणून २०२४ साली गाजला; २०२५ साली तो स्पंजासारख्या एका लुप्त गटातला ठरला. त्याच वर्षी संपूर्ण जनुकसंचांवरून काढलेल्या वंशवृक्षाने अळीसारखे दोन वर्ग कायटनांच्या जोडीला नेऊन बसवले आणि उरलेल्या पाच वर्गांची दुसरी फांदी केली. म्हणजे अळीसारखे ते प्राणी कवच येण्याआधीचे अवशेष मानण्याची जुनी सवयही सोडायला हवी.

शंख असलेल्याच जाती बहुसंख्य आहेत, बिनशंखाच्या म्हणजे अपवाद, असे कुणी म्हटले तर संख्येने ते खरे आहे. पण एक अपवाद वेगळा आणि पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या कुळांत, स्वतंत्रपणे घडलेला अपवाद वेगळा. समुद्रात, जमिनीवर, माकलांत, शंख लहान होणे, आत जाणे, नाहीसा होणे हे अनेकदा घडले आहे आणि त्याचे मधले टप्पे आजही जिवंत आहेत. आंबोलीच्या जंगलातून २०२१ साली वराडिया आंबोलिएन्सिस या गोगलगायीचे वर्णन झाले, नवी जातीच नव्हे तर नवी प्रजातीही (जीनस). ती अर्धी शंखाची, म्हणजे शंख आहे पण आत मावता येत नाही एवढा लहान. पश्चिम घाटातल्या सुमारे २७० स्थलीय गोगलगायींपैकी तीन चतुर्थांश जाती जगात इतरत्र नाहीत, आणि अशा अर्ध्या शंखाच्या गोगलगायींची ओळख पटवायची तर अंग उघडून पाहावेच लागते. याच्या टोकाचे उदाहरण समुद्रकाकडीच्या पोटात राहणाऱ्या एका परजीवीचे. योहानेस म्युलर यांना १८५१च्या सुमारास तिथे एक निराकार नळी सापडली. ना पाय, ना जीभ, ना कवच. तिच्यातून निघालेल्या पिल्लांच्या पाठीवर इवले शंख दिसले तेव्हा कळले, की ही गोगलगाय आहे. कवचाने ओळख पटवली हे इथे मान्य करायला हवे, पण तीही एका दिवसासाठी उगवून गळून पडणाऱ्या कवचाने.

हा वाद केवळ वर्गीकरणाचा असता तर एवढा पसारा मांडायची गरज नव्हती. १५०० सालापासून प्राण्यांच्या ज्या ६९३ जाती नष्ट झाल्याची नोंद २००४ सालच्या एका आढाव्यात होती, त्यांत २९१ मृदुकाय होते, म्हणजे ४२ टक्के. त्यांतल्या २६० गोगलगायी. वाघ-गेंड्यांच्या गाजावाजात हे कुणाच्या कानावर गेले नाही, आणि त्याचे एक कारण शंख हेच आहे. जात संपली तरी तिचे शंख पाचोळ्यात वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि शंख मोजणाऱ्याला ती अजून आहे असे वाटत राहते. समुद्राच्या आम्लतेबाबतही आपण शंख विरघळतील का, एवढेच विचारतो. अमेरिकेच्या ओरेगॉन आणि वॉशिंग्टन किनाऱ्यावरच्या कालवांच्या उबवणगृहांत २००७च्या सुमारास पिल्ले मोठ्या संख्येने मरू लागली, तेव्हा दिसले ते असे, की पहिल्या दोन दिवसांत कवच घडवण्यातच पिल्लाची अंड्यातली शिदोरी संपत होती. घर विरघळायच्या आधी गवंडीच दमला.

गोगलगाय म्हणजे पीक खाणारी कीड, तिची काय चिंता, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादेत शंखी गोगलगायीने सोयाबीनचे कोंब रातोरात फस्त केले. पण ही आफ्रिकी गोगलगाय इथली नव्हे. १८४७ साली विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडलेली तिची पहिली पिढी. तिच्या बंदोबस्तासाठी ताहितीत १९७४ साली आणि मूरेआत १९७७ साली गोगलगायी खाणारी अमेरिकी गोगलगाय सोडली गेली. तिने आफ्रिकी पाहुणीला फारसे हात लावले नाहीत. तिथल्या झाडांवर राहणाऱ्या स्थानिक पार्टुला दहा-बारा वर्षांत रानातून संपवल्या. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या पार्टुला २०१५पासून परत सोडल्या जात आहेत. हवाई बेटांवरही तीच शिकारी गोगलगाय पोहोचली होती. तिथल्या ॲकॅटिनेला अपेक्सफल्वा या वृक्षवासी गोगलगायीची युरोपला पहिली ओळख झाली ती १७८७ साली जॉर्ज डिक्सन या कप्तानाला भेट मिळालेल्या शंखांच्या माळेतून. त्या जातीतली शेवटची जॉर्ज नावाची गोगलगाय १ जानेवारी २०१९ रोजी हवाईतल्याच एका पैदास केंद्रात मेली. तिच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा २०१७ सालीच कापून घेतला होता, आणि तो सॅन डिएगोत गोठवून ठेवला आहे.